मस्टरात न सापडणारी गोष्ट

संस्थेचा अभ्यास म्हणजे नुसते फॉर्म भरणं नव्हे. मुंबईच्या गिरण्यांचंच बघा. आपली माणसं रिंगखात्यात होती, जादा पगाराच्या साचाखात्यात नव्हती. मस्टर एवढंच सांगतं; का, ते सांगत नाही. कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढायचा. आपल्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला बाटायचा! कामगार एकजुटीचे लाल झेंडे खांद्यावर घेऊनही बाटायचा. १९२८च्या संपावेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर. म्हणून चाळीतल्या म्हाताऱ्यांपाशी बसा. पाण्याचा माठ कुणाचा, डबा कुणाशेजारी उघडायचा, विचारा. बोलतील तसंच, त्याच रात्री लिहा. शिवीसुद्धा गाळू नका. प्राध्यापक म्हणतील, हे शास्त्रीय नाही. म्हणू देत. रविवारी वह्या घेऊन या, सफाई कामगारांच्या चौकीवर जायचंय.