चेहरा धुवा, घासू नका

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने सोसायटीच्या गच्चीवर आयोजित केलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून, महापालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. नोकरीची शेवटची बारा वर्षे त्या त्वचारोग विभागात होत्या.)



विषय कळल्यावर एक काकू लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "अगं, तोंड धुण्यावर काय भाषण करायचं? पंचाहत्तर वर्षं धुतेय मी!" काकू, तुमचं बरोबर आहे. पण बारा वर्षं त्वचेच्या ओपीडीत बसून मी पाहिलं, की न धुतल्यामुळे बिघडलेले चेहरे थोडे आणि जास्त धुतल्यामुळे, घासल्यामुळे, भलतंच काही लावल्यामुळे बिघडलेले चेहरे फार. एक आधीच सांगते. औषध मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. धुण्याबद्दल मात्र बोलेन.

पहिल्यांदा माझीच चूक सांगते. स्मरणिकेसाठी सेक्रेटरींनी जुने फोटो मागितले, म्हणून अल्बम काढला. सोसायटीच्या दहाव्या गणपतीचा ग्रुप फोटो मिळाला. सगळी मुलं पायऱ्यांवर ओळीने उभी आहेत, माझी मुलगी त्यात नाही. ती तेव्हा दहावीत होती. चेहरा मुरुमांनी भरलेला, आणि आरतीला खाली यायचीच नाही. मी काय करायचे? "नीट तोंड धुत नाहीस, म्हणून हे होतंय" असं म्हणून तिला दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवायला लावायचे. वर आंघोळीचा खरखरीत पंचा. नर्स असून! तेव्हा मी सर्जिकल वॉर्डला होते. पुढे त्वचा विभागात बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांना एका आईला समजावताना ऐकलं, की मुरूम मळामुळे येत नाहीत. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं आतून बुजतात आणि तिथे सूज येते. मुलीची त्यात काही चूक नसते. ती आई रडली. मी पण केसपेपर लावायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. हे आज मुलीला विचारूनच सांगतेय.

ब्लॅकहेड्सचंही तसंच. तो काळा ठिपका म्हणजे धूळ नव्हे. छिद्रात साठलेलं तेल आणि त्वचेचा रंग हवेशी संबंध येऊन काळा दिसतो. घासून तो निघत नाही, भोवतालची कातडी मात्र सोलते.

आता त्वचेकडे येऊ. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर घराच्या भिंतीसारखा समजा. पेशी म्हणजे विटा आणि मधे सिमेंटसारखे तेलकट पदार्थ. पाणी आत धरून ठेवणं आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवणं, ही दोन कामं ती भिंत करते. ही भिंत किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास. साधा साबण कितीही सुगंधी असला तरी अल्कधर्मी, पीएच 9 ते 10. तो मळाबरोबर सिमेंटही थोडं काढतो. तोंड धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो ना? आपण त्याला "स्वच्छ वाटतंय" म्हणतो. ती खरं तर भिंतीची तक्रार असते.

कोणी म्हणेल, आमच्या साबणावर टीएफएम 76 टक्के लिहिलंय, म्हणजे पहिल्या दर्जाचा. बरोबर आहे. पण टीएफएम म्हणजे साबणात तेल-चरबीचा अंश किती, ते. त्याने दर्जा कळतो, पीएच कळत नाही. अंगाला तो चालेल. चेहऱ्याला मात्र फेसवॉश किंवा 'सिंडेट बार' बरा. हा दिसतो साबणाच्या वडीसारखा, पण साबण नसतो. दुकानात "साबणविरहित" किंवा "सोप-फ्री" म्हणून मागा. महागच हवा असं काही नाही.

आपल्या सोसायटीत आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे एप्रिल-मे महिन्यातलं टँकरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो, नळाच्या जाळीत खडे अडकतात. हे जड पाणी. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो. तो बादलीला बसतो तसा गालावरही बसतो. म्हणून उन्हाळ्यात "साबण निघतच नाही" असं वाटतं आणि आपण अजून घासतो. सिंडेटचा असा साका होत नाही. निदान शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

आता आपली त्वचा कोणती, ते ओळखू. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपा, काहीही लावू नका आणि अर्धा तास थांबा. मग आरशात बघा. सगळा चेहरा चकाकतोय, तर तेलकट. ओढल्यासारखा, कोंड्यासारखे पापुद्रे, तर कोरडा. कपाळ, नाक, हनुवटी चकाकतेय आणि गाल साधे, तर मिश्र. आपल्याकडे अशी त्वचा पुष्कळ दिसते. लाल होतोय, चुरचुरतोय, तर संवेदनशील. यातलं काहीच नसेल, तर तुम्ही सुखी आहात, उगाच काही बदलू नका. आणि हा निकाल कायमचा नसतो. विशीतली तेलकट त्वचा पाळी गेल्यावर कोरडी होते. पावसाळ्यात एक, डिसेंबरात दुसरी.

धुण्याची पद्धत सगळ्यांना एकच. आधी हात धुवा. पाणी साधं किंवा कोमट, आंघोळीचं कढत पाणी तोंडावर नको. फेसवॉश वाटाण्याएवढा, ओल्या तळव्यावर फेस करून बोटांच्या टोकांनी अर्धा-पाऊण मिनिट गोल फिरवा. नाकाच्या कडा, केसांची रेघ, जबड्याखालची बाजू विसरू नका, आणि तिथला फेस नीट धुऊन काढा. मग मऊ रुमालाने टिपा. रुमाल ज्याचा त्याचा वेगळा. बेसिनपाशी लटकलेला घरभराचा नॅपकिन चेहऱ्याला लावू नका. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा. खेळून किंवा स्कूटरवरून घामाघूम होऊन आलात, तर आणखी एकदा. बास.

तेलकट त्वचेला जेल किंवा फेस होणारा फेसवॉश. मुरूम असतील तर सॅलिसिलिक ॲसिड असलेला चालतो, पण सुरुवात एक दिवसाआड करा, कोरडं पडलं की थांबा. धुतल्यावर हलकं मॉइश्चरायझर लावाच. ट्यूबवर "नॉन-कॉमेडोजेनिक" लिहिलेलं बघून घ्या. आणि आयांनो, मुलींच्या डोक्याला रात्री चापून खोबरेल लावता ना? ते कपाळावर उतरतं आणि तिथे बारीक पुळ्या येतात. तेल लावायचं तर नहाण्याआधी तास-दोन तास.

कोरड्या त्वचेला फेस न होणारा, दुधासारखा क्रीमी क्लेन्झर. सकाळी नुसतं पाणी मारलं तरी पुरतं. टिपल्यावर चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, म्हणजे ओलावा आत राहतो. आजी-आजोबांनो, हे तुम्हाला खास.

मिश्र त्वचेला दोन-दोन बाटल्या नकोत. सौम्य फेसवॉश आधी कपाळ-नाक-हनुवटीवर फिरवा, गालांवर शेवटी जरासाच. मॉइश्चरायझर उलट, गालांना जास्त.

संवेदनशील त्वचेला बिनवासाचं, साधं उत्पादन. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा. खाज नाही, लाली नाही, मगच चेहऱ्याला.

मागच्या मंडळींनो, तुमच्यासाठीही आहे. दाढीच्या आधी कोमट पाण्याने चेहरा धुवा, केस मऊ होतात. वस्तरा केसांच्या दिशेने फिरवा, उलटा फिरवला की केस आत वळून पुळ्या येतात. तुरटी चालेल, पण त्वचा कोरडी असेल तर तिच्यावर मॉइश्चरायझर हवं.

आता स्वयंपाकघर. डाळीचं पीठ, मुलतानी माती तेल शोषते, म्हणून तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा ठीक आहे. कोरडीला नको. दिवाळीचं उटणंही अंगाला तेल चोळल्यावर लावायचं असतं, त्यामागे विचार आहे. रोज कोरडं उटणं चेहऱ्यावर घासणं त्यात नाही. हळदीची कोणाकोणाला ॲलर्जी असते. लिंबू मात्र अजिबात नको. त्याचा पीएच 2 च्या जवळ. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे उठून नंतर काळे डाग राहतात. लग्न आठ दिवसांवर आणि चेहऱ्यावर लिंबाचे डाग, अशा नवऱ्या मुली मी पाहिल्यात.

मेकअप आणि काजळ रात्री निघालंच पाहिजे. कापसावर थोडं तेल घेऊन हलकेच पुसा, मग फेसवॉश. टिकलीही काढून झोपा. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींना त्या जागी आधी खाज येते, मग पांढरा डाग पडतो. खाज सुटली की टिकली बंद.

शेवटचं, आणि ज्यासाठी मी खरं तर आज बोलायला हो म्हटलं ते. "गोरं करणारी" म्हणून मेडिकलमधून आणली जाणारी काही ट्यूब. त्यांत स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा खरंच उजळतो, म्हणून मैत्रीण मैत्रिणीला सांगते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस उगवतात, मुरूम येतात, आणि लावणं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. घरी जा आणि ट्यूबवरची नावं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांतलं काही दिसलं आणि ते डॉक्टरांनी दिलेलं नसेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खूप दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, ते कसं सोडायचं हे डॉक्टर सांगतील. आणि सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध नको.

गाठीसारखे, खड्डे पाडणारे मुरूम असतील तरी लवकर डॉक्टरांकडे जा, कारण खड्डे नंतर भरून येणं अवघड असतं. फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर अजिबात लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो; सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

माझी मुलगी पुढे औषधांनी बरी झाली. तिचे खड्डे दोन-चार राहिलेत, पण तो फोटो काही परत काढता येत नाही. आपल्या चारही विंगमध्ये आज दहावी-बारावीतली मुलं-मुली आहेत. यंदाच्या गणपतीत त्यातलं कोणी आरतीला खाली येत नसेल, तर "तोंड धू" म्हणू नका. बरोबर घेऊन खाली या, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत आणि चहाही आलाय. कोणाला काही विचारायचं असेल, तर संध्याकाळी पाचनंतर मी बाकावर असतेच.