शेतावरची छोटी कर्मशाळा : कोणती हत्यारे आधी घ्यावीत?

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



यंत्र मोडायचे तर ते नेमके पेरणीच्या दिवशी मोडते, हा तुम्हा सर्वांचा अनुभव आहे. पाऊस झाला, वाफसा आला, ट्रॅक्टर शेतात गेला आणि पेरणी यंत्राची पिन तुटली. पिन असते बोटाएवढी. ती घेऊन तालुक्याला जायचे. तिथे लेथवाल्याकडे आधीच रांग. तेवढ्यात वीज जाते. पिन हाती येईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो आणि त्या रात्री पुन्हा पाऊस झाला तर पेरणी आणखी लांबते. म्हणून दुरुस्तीचा खर्च पिनेच्या किमतीत मोजू नका, तो वाया गेलेल्या वाफशात मोजा.

यावर उपाय म्हणून अनेक तरुण शेतकरी घरीच छोटी कर्मशाळा उभारू इच्छितात. ही चांगली गोष्ट आहे. पण सुरुवात बहुधा उलट्या टोकाने होते. आधी मोठे यंत्र येते आणि साधा पाना मात्र शेजाऱ्याकडे मागावा लागतो. माझे सांगणे एवढेच आहे की हत्यारे दुकान पाहून घेऊ नका, आपल्या शेतावर काय मोडते ते पाहून घ्या. आणि क्रम ठेवा : आधी धरण्याची, मोजण्याची व खोलण्याची हत्यारे, मग कापण्याची व भोक पाडण्याची, त्यानंतर वेल्डिंग, आणि लेथ सर्वांत शेवटी.

मोडतोडीची वही

एका वहीत वर्षभर नोंद करा. काय मोडले, कोणत्या दिवशी, ते कोणी दुरुस्त केले, किती पैसे आणि किती तास गेले. वर्ष संपल्यावर वही वाचली की बहुतेकांना आढळेल, निम्म्याहून अधिक अडचणी बोल्ट, पिन, बेअरिंग, बुश आणि तडकलेला सांधा एवढ्यातच आहेत. तुमची खरेदीची यादी त्या वहीतच तयार असते.

धरणे आणि मोजणे

पहिली खरेदी व्हाइसची करावी. १०० किंवा १२५ मिलिमीटर जबड्याचा व्हाइस पुरतो. तो जड, भक्कम बाकावर बोल्टने आवळावा. जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला आली म्हणजे कानस चालवताना पाठ दुखत नाही. व्हाइसवर घण मारू नये. त्याचे अंग बिडाचे असते, ते तडकते. ठोकाठोकीसाठी ऐरण किंवा लोखंडाचा जाड ठोकळा वेगळा ठेवावा.

दुसरी खरेदी व्हर्निअर कॅलिपरची. १५० मिलिमीटर लांबीचे, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारे साधे कॅलिपर घ्यावे. दुकानात बेअरिंग मागताना "एवढे एवढे" असे बोटांनी दाखवण्याची वेळ येत नाही. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. नेहमीच्या बॉल बेअरिंगमध्ये शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणले की भोकाचा व्यास मिळतो. ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर. क्रमांक घासून गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून लिहून न्या. ६२०५ चे हे माप २५, ५२ आणि १५ मिलिमीटर असते.

पाने

पान्यांत काटकसर करू नये. मऊ धातूचा पाना फाकतो, बोल्टचे कोपरे घासतो आणि मग तो बोल्ट छिन्नीनेच काढावा लागतो. एकदम शंभर नगांची पेटी घेण्याऐवजी १०, १३, १७, १९ आणि २४ मिलिमीटर या मापांचे चांगले रिंग पाने व डबल पाने आधी घ्या. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या ६, ८, १०, १२ आणि १६ मिलिमीटरच्या बोल्टना साधारण हेच पाने लागतात. काही बोल्टना १६ आणि १८ चा पाना बसतो, म्हणून खरेदीपूर्वी आपली अवजारे पाहून घ्यावीत. जुन्या ट्रॅक्टरवर इंची बोल्ट असतात, त्यांना इंची पानेच लावावेत. स्क्रू पाना अडीनडीला ठीक, घट्ट बोल्टला नको.

बोल्टविषयी आणखी एक गोष्ट. डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर बदली बोल्टही त्याच प्रतीचा घ्या. मात्र पीटीओ शाफ्टवरचा शिअर बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठीच दिलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून तिथे जास्त कडक बोल्ट घातला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स फुटतो.

कापणे, भोक पाडणे, आटे पाडणे

लोखंड कापण्याच्या करवतीची पाती दोन प्रकारची ठेवा : जाड लोखंडाला इंचाला १८ दातांचे आणि पातळ नळीला ३२ दातांचे. कापताना किमान तीन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. पाते बसवताना दातांची टोके पुढच्या बाजूला हवीत. कानशी तीन पुरेत : सपाट, अर्धगोल आणि गोल. प्रत्येकीला लाकडी मूठ हवीच, उघडे शेपूट तळहातात घुसते.

भोकांसाठी हाताच्या ड्रिलपेक्षा बाकावरचे उभे ड्रिल मशीन चांगले. भोक सरळ पडते. साध्या लोखंडात १० मिलिमीटरचे बिट मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांनी चालवावे, ५ मिलिमीटरचे त्याच्या दुप्पट वेगाने. मोठे बिट जोरात फिरवले की ते जळते.

टॅप-डायचा छोटा संच फार उपयोगी पडतो. आटे पाडण्यापूर्वी किती भोक पाडायचे याचा हिशेब सोपा आहे : बोल्टच्या व्यासातून दोन आट्यांमधील अंतर वजा करा. १० मिलिमीटरच्या बोल्टला ते अंतर १.५ असते, म्हणून भोक ८.५. बारा मिलिमीटरला १०.२ आणि आठला ६.८. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा तेल सोडत फिरवावा.

ग्राइंडर आणि वेल्डिंग

वखराची पास किंवा फाळ ग्राइंडरवर लावताना घाई नको. धार निळी पडली म्हणजे लोहाराने दिलेले पाणी उतरले असे समजा. ती धार मग आठवडाही टिकत नाही. थोडे घासावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा घासावे.

सिंगल फेजवर चालणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता सहज मिळते. ३.१५ मिलिमीटरच्या नेहमीच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. पावसाळ्यात रॉड दमट होतात, ते बंद डब्यात ठेवा. बिडाचा भाग साध्या रॉडने जोडू नका, तो थंड होताना शेजारी पुन्हा तडकतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढा. डिझेल-पेट्रोलच्या रिकाम्या पिंपावर वेल्डिंग कधीही करू नका. आत राहिलेली वाफ पेटते.

लेथ घ्यावा का?

बहुतेकांना माझे उत्तर 'नको' असे आहे. एका शेतकऱ्याने जुना लेथ स्वस्तात घेतला. वर्षभरात त्यावर चार बुश निघाले, बाकी वेळ तो ताडपत्रीखाली गंजत राहिला. लेथला थ्री-फेज वीज बहुधा लागते आणि शेतीपंपाची जोडणी पंपासाठी असते, त्यामुळे वेगळी जोडणी घ्यावी लागते. शिवाय लेथ चालवणे हे शिकण्याचे काम आहे. तालुक्यातला लेथवाला वर्षानुवर्षे तेच करतो.

ज्याच्या घरात आयटीआय झालेला मुलगा आहे आणि गावातली कामेही मिळणार आहेत, त्याने जरूर विचार करावा. जुना लेथ पाहताना चकच्या जवळचा बेड आधी तपासा, झीज तिथेच जास्त होते. आडव्या सरकीची मूठ फिरवून पाहा, ती किती मोकळी फिरते ते कळेल. आटे पाडण्याचे गिअर पूर्ण आहेत का ते मोजा. मग चकमध्ये वीतभर जाड सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, बारीक काप घ्यायला सांगा आणि दोन्ही टोकांचा व्यास व्हर्निअरने मोजा. फरक दिसला तर दुसरा लेथ पाहा.

इतरांनी हे करावे : वैशाखातच आपल्या अवजारांच्या पिना व बुश मोजून प्रत्येकी दोन जादा करून घ्यावेत आणि तेल लावून डब्यात ठेवावेत. लेथवाल्याकडे तेव्हा रांग नसते.

जपावयाच्या गोष्टी

ग्राइंडरचे रक्षक कवच काढू नका. चाकावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. डोळ्यांना चष्मा हवाच. ड्रिल व लेथवर हातमोजे, उपरणे, पदर, कडे चालत नाही. छिन्नीच्या डोक्याला फुटलेली फुले घासून टाका, ती उडून डोळ्यात जातात. अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या. आणि मळणी यंत्र दुरुस्त झाले की त्याची पट्टाकवचे व सुरक्षित घास-नळी पुन्हा बसवल्याशिवाय ते चालू करू नका.

मंडळी, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. मोठ्या कामाचा आरंभही एका बाकावर होतो. तुम्ही या उन्हाळ्यात व्हाइस, व्हर्निअर आणि पाच चांगले पाने एवढेच घ्या. वही मात्र आजच घाला. पुढे काय घ्यायचे ते तीच सांगेल.