चला, भिंगरीबरोबर शिवारात



या कार्यक्रमात आपण बहुतेक वेळा कर्जाचे हप्ते, बियाणं, बाळंतिणीचा आहार असलं कामाचं बोलतो. आज जरा मोकळं बोलू. आजचा विषय आहे आपल्या अंगणातलं कुत्रं, त्याची धावपळ आणि त्याच्याबरोबर रानात होणारी आपली मजा. मजेतच दोन-चार कामाच्या गोष्टीही येतील, तेव्हा भाकरी थापता थापता ऐका.

आम्ही कयाधूच्या काठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. गट दहा जणींचा, आणि अकरावी आमची भिंगरी. भिंगरी म्हणजे दीड वर्षाची गावठी कुत्री. रंग पिवळसर, एक कान उभा, एक पडलेला. तशी ती एकीच्याच घरची, पण भाकरीचा तुकडा खाते दहा घरी. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही, म्हणून लेकरांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं.

सकाळी आम्ही खुरपी घेऊन निघालो की ही सगळ्यांच्या पुढं. पांदणीत शिरली की पाच पावलं चालणार, दहा पावलं धावणार, मग मागं वळून बघणार, की या म्हाताऱ्या येतात की नाही! धुऱ्यावर टिटवी ओरडली की हिचे कान टवकारले. टिटवी उडते, ही खालून पळते. टिटवी लांब जाऊन बसते, ही तिथवर जाते. टिटवी काही हाती लागत नाही, पण भिंगरीची हौस फिटत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आधी ती उडी मारणार, मग आमच्याच जवळ येऊन अंग झटकणार. लुगडं भिजलं म्हणून आम्ही ओरडतो, आणि मग सगळ्याच हसत सुटतो.

हळद शिजवायच्या दिवसांत तर हिचा थाट विचारू नका. शिजवलेली हळद वाळायला पसरलेली, पलीकडं घोळणीचं काम चाललेलं, आणि ही त्या पिवळ्या भुकटीत लोळून येणार. मग चारही पाय पिवळे, नाक पिवळं. आमच्यातली एक आजी म्हणाली, "बघा गं, आपल्या नवरीला हळद लागली!" दोन दिवस सगळं गाव तिला नवरी म्हणत होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. भिंगरी लहान होती तेव्हा दिवसभर दाव्याला बांधलेली असायची. तेव्हा ती नुसती भुंकायची, माती उकरायची, चपला फाडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जायची. सगळे म्हणायचे, कुत्री खोडसाळ आहे. मग गटातल्या एकीनं तिला रोज सकाळी शेतात न्यायला सुरुवात केली. महिनाभरात त्याच कुत्रीचा स्वभाव बदलला. सकाळी धावून आली की दुपारी सावलीला गप झोपते. कुत्र्याची जात मुळात धावणारी, हुंगणारी, शोधणारी. दोन वर्षांपर्यंतचं कुत्रं म्हणजे आपल्या सात-आठ वर्षांच्या पोरासारखं. त्याच्या अंगातली रग निघाली नाही, तर ती चावण्यात आणि उकरण्यात निघते. म्हणून दावं आखडण्याआधी, त्याला आज धावायला मिळालं का, हे बघावं.

आणि धावायला पैसा लागत नाही. आमचे तीन खेळ सांगतो, लेकरांनी ऐकून ठेवा.

पहिला, चिंध्यांचा चेंडू. जुन्या साडीच्या चिंध्या घट्ट बांधायच्या आणि लांब फेकायचा. आणला की शाबासकी, आणि भाकरीचा एवढासा तुकडा. तो सोडत नसेल तर ओढाताण करायची नाही, दुसरा चेंडू दाखवायचा. आपोआप पहिला सुटतो.

दुसरा, शोधाशोध. भाकरीचे चार तुकडे गवतात लपवायचे आणि "शोध" म्हणायचं. कुत्र्याचं नाक आपल्या नाकाच्या कितीतरी पटीनं तेज. पंधरा मिनिटं हुंगत शोधलं, तरी ते दमतं. पावसात बाहेर जाता येत नाही, तेव्हा हा खेळ ओसरीवरही होतो.

तिसरा, "थांब" आणि "ये". हा खेळही आहे आणि शिस्तही. एकच शब्द, एकाच आवाजात, रोज पाच मिनिटं. ऐकलं की तुकडा द्यायचा, नाही ऐकलं तर काठी उगारायची नाही. मारलेलं कुत्रं बोलावल्यावर जवळ येत नाही, लांब पळतं.

या "ये" शब्दाचं मोल आम्हाला सोयाबीनच्या काढणीत कळलं. गंजीजवळ भिंगरी एकाएकी थबकली, अंगावरचे केस उभे करून भुंकायला लागली. आम्ही लेकरांना मागं ओढलं आणि तिला "ये" म्हणून हाक मारली. ती आली. काठीनं लांबून पेंढी सरकवली, तर खाली घोणस. भिंगरीनं आम्हाला सावध केलं आणि त्या एका शब्दानं तिलाही वाचवलं, कारण सापापुढं कुत्र्याचाही जीव जातो.

आता एक मनातलं बोलू का? बाईमाणसाला नुसतं फिरायला कुठं मिळतं? शेतात जाणं म्हणजे काम, पाण्याला जाणं म्हणजे काम, दवाखान्यात जाणं तेही कुणाला तरी घेऊन. सहज म्हणून गावाबाहेर चक्कर मारली की पारावरचे विचारतात, "कुठं निघाल्या?" भिंगरी बरोबर असली की कुणी विचारत नाही. कुत्रं फिरवायला निघाल्या, संपलं! आता सांजच्याला आम्ही चौघी-पाच जणी तिच्या निमित्तानं धुऱ्या-धुऱ्यानं अर्धा तास चालून येतो. आमच्यात एकीला साखरेचा आजार आहे, तिला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. तिचंही चालणं होतं. गावातल्या पोरीही येतात. दहावीला गेल्यावर ज्यांचं खेळणं बंद झालं, त्या पोरी भिंगरीच्या मागं धावताना पाहिल्या की जीव सुखावतो. आम्ही तिला फिरवतो असं लोकांना वाटतं. खरं तर ती आम्हाला फिरवते.

आणि कुत्र्याच्या मागं धावण्यात कमीपणा मानायचं आपल्या जिल्ह्याला तरी कारण नाही. आपल्या हिंगोली तालुक्यातलं नरसी हे नामदेव महाराजांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांचा जन्म 1270 सालचा. त्यांच्या रचना पार पंजाबात पोचल्या. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्याच नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. कुत्र्यानं भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, "देवा, कोरडी खाऊ नका!" कुत्र्याच्या मागं आपणही धावतो, पण बहुतेकांच्या हातात दगड असतो. नामदेवांच्या हातात वाटी होती. फरक तेवढाच, आणि तोच मोठा.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यातला वाटा कुत्र्याला द्यायची चाल आपल्याकडं आहे. ती जरूर पाळा. फक्त कुत्र्याच्या वाट्याचं भरीत बिनकांद्याचं ठेवा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही त्याला विषासारखे. शिजवलेलं हाडूक घालू नका. त्याच्या कुसा होतात आणि आतड्यात रुततात.

आता बाहेर नेताना काय सांभाळायचं ते ऐका.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करतं. म्हणून चैत्र-वैशाखात दिवस उगवायच्या आत किंवा मावळल्यावरच न्या. डांबरी रस्त्यावर आपला पालथा हात ठेवून पाच आकडे मोजा. हाताला सोसवत नसेल, तर त्याच्या पायालाही सोसत नाही.

फवारणी झालेल्या वावरात कुत्र्याला सोडू नका. ते गवत चाटतं, पाय चाटतं. औषधाचे रिकामे डबे उघड्यावर टाकू नका. रानडुकरासाठी कुणी तारेत करंट सोडला असेल, तर ते बेकायदेशीर आहे. त्यात कुत्रं मरतं तसा माणूसही मरतो. गटानं मिळून ते बंद करायला लावा. कठडा नसलेल्या विहिरीजवळ, रस्त्याजवळ, शाळेजवळ आणि मेंढरांच्या कळपाजवळ गळ्यात दोरी पाहिजेच. आपली भिंगरी आपल्याला गोड असली, तरी समोरचं लेकरू घाबरतं. त्याची भीती खोटी म्हणायची नाही.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, पिसाळण्याची. डॉक्टर त्याला रेबीज म्हणतात. एकदा लक्षणं दिसली की हा आजार जवळजवळ बरा होत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. 1885 साली फ्रान्समध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पिसाळलेला कुत्रा चावला होता. त्याला लुई पाश्चर यांनी तयार केलेली लस दिली आणि पोरगा वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन 28 सप्टेंबर; तोच दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात.

आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की ही लस द्यायची, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि मग दर वर्षी. तारीख गटाच्या वहीतच लिहून ठेवा. वहीत हप्ते लिहितो, तसा हाही एक हप्ताच! कुत्रीला दर वेतात सहा-सात पिलं होतात आणि सगळी कुणी पाळत नाही, म्हणून नसबंदीचंही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आणि कुत्रं चावलं, किंवा त्याचा दात, नखं नुसती लागली, तरी काय करायचं? जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. मग त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. पाळलेलं आहे, पिलू आहे, लस दिलेली आहे, असं म्हणून घरी बसायचं नाही. जखमेवर चुना नाही, तिखट नाही, आणि बायांनो, हळदही नाही! हळद आपल्या जिल्ह्याचं सोनं आहे, वसमतच्या बाजारात तिचे ढीग लागतात, पण कुत्र्याच्या चाव्यावर तिचा उपयोग नाही. पोटात चौदा इंजेक्शनं देतात ही भीती जुनी झाली. आता लस दंडात देतात, मोजक्या वेळा. पण सांगितलेले सगळे डोस पूर्ण करायचे. दोन घेतले आणि बरं वाटलं म्हणून सोडलं, हे चालणार नाही.

लेकरं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. म्हणून घरात आधीच सांगून ठेवा: "कुत्र्याचं काहीही लागलं तर आम्हाला सांगायचं, कुणी रागावणार नाही." आणि जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही, हेही शिकवा.

तर बायांनो, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत, आपल्या पाचही तालुक्यांतल्या गटांना एकच सांगणं आहे. पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. गटातल्या किती घरी कुत्रं आहे, आणि त्यातल्या किती कुत्र्यांना यंदा लस मिळाली? जितकी उरली असतील त्यांची यादी करा, दवाखान्याचा दिवस विचारून घ्या आणि सगळ्या मिळून, दोऱ्या धरून, वरातीसारख्या जा. पाच-सहा कुत्री आणि तितक्याच बाया निघाल्या की गाव बघायला येतंय!

आणि तिथून परत येताना सरळ घरी येऊ नका. लस दिलेल्या दिवशी जोरात पळवायचं नाही, पण पांदणीनं सावकाश या. जरा सावलीला बसा, गप्पा मारा. तेवढी वेळ आपली, आणि तिचीही.