परवानगीचा कागद आणि कापसाचे शेत



कापूस हे काही खाण्याचे पीक नव्हे, अशा समजुतीने आपण शहरवासी ह्या विषयाबाबत निर्धास्त असतो. पण सरकीचे तेल माणसाच्या कढईत जाते आणि सरकीची पेंड म्हशीपुढे पडते. तेव्हा बियाण्याला परवानगी कोण देतो व कशी देतो, हे आपणही विचारले पाहिजे.

कायदा आहे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 साली नियम झाले. जनुक बदललेले बियाणे पर्यावरण मंत्रालयाच्या समितीच्या संमतीवाचून विकता येत नाही, पेरता येत नाही. कागदावर व्यवस्था चोख आहे. शेतात काय घडले ते पाहा.

2001 साली गुजरातेत बोंडअळीने कापूस खाल्ला, पण काही शेते मात्र टवटवीत उभी राहिली. चौकशीत कळले की, ‘नवभारत 151’ ह्या वाणात अळीला मारक असे बीटी जनुक आहे आणि त्याला कोणाचीही परवानगी नाही. समितीने पीक जाळण्याचा हुकूम काढला. हाती आलेला कापूस कोण जाळतो? पुढे 26 मार्च 2002 रोजी जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी वाणांना संमती मिळाली. वरात आधी निघाली, मुहूर्त मागाहून!

ह्या संमतीला एक अट होती आणि आमच्या मते सारे मर्म तिच्यातच होते. शेताच्या कडेने साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा एकपंचमांश क्षेत्र, जे अधिक असेल ते, राखायचे. साध्या कापसावर वाढलेल्या अळ्यांचे पतंग विष पचविणाऱ्या पतंगांशी संकर करतात. त्यामुळे विष पचविणारी जात लवकर माजत नाही. त्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधे बियाणे येई. परंतु तीन एकरांच्या धन्याला, पाच ओळी अळीला वाढून ठेव, असे सांगितले तर तो ऐकेल काय? बहुतेकांनी ते बियाणे पेरलेच नाही. त्यांना ते पटवून देण्यास कोणी बांधावर गेले नाही, आणि अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासही फारसे कोणी गेले नाही. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे आतून पोखरली. संमती देणाऱ्यांचे काम संमतीपाशी संपले होते. अळीचे काम तिथून सुरू झाले.

बीटी वांग्याचे उदाहरण उलट आहे. 2009 च्या ऑक्टोबरात समितीने होकार दिला. मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. नागपूर त्यांतच होते. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी संमती स्थगित केली. स्वतंत्र तपासण्या अपुऱ्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. ते आम्हांस रास्त वाटते. पण स्थगिती म्हणजे निर्णय नव्हे. 2019 साली बीटी वांगे हरियाणातील शेतात सापडले!

त्याच साली जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारा, परवानगी नसलेला कापूस उघडपणे पेरला. त्या वेळी ह्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. निंदणीच्या मजुरीने मेटाकुटीस आलेला माणूस कैदेचे भय का धरत नाही, हे समजण्यासारखे आहे. मात्र अशा चोरट्या बियाण्याची पावती मिळत नाही. ते उगवले नाही, की त्याने कोणत्या कचेरीत जावे?