निसवल्या गवताला खत नको
(गावबैठकीतलं बोलणं)

वरकस जमिनीवरचं गवत आपण लढून राखलं. आता भादवा सरतोय, गवत निसवलंय, अन् व्यापारी युरियाची गोणी उधारीवर देतोय. ती आपण घ्यायची नाही. खत लागू पडतं ते आषाढात, फुटवे येताना, पाऊस चालू असताना. निसवल्यावर पाला फारसा वाढत नाही. वर पाऊस उघडला, की पसरलेल्या युरियातलं बरंच नत्र हवेत उडतं. ४५ किलोच्या गोणीत नत्र जवळपास २१ किलो. ते जातं, उधारी राहते. मग गवताचा भाव व्यापारीच ठरवतो.

आपण विळे पाजवू. उघडीप मिळाली, की बी झडायच्या आधी कापू, थोडं बियाला सोडू. गंजी आपल्याच दारात लावू, भाव गावानं मिळून सांगू.