शेजारची शाळा

मुलगी आठवी उत्तीर्ण होते आणि घरात विचारविनिमय सुरू होतो. पाच मिनिटांच्या वाटेवर सरकारी माध्यमिक शाळा असते. तरीही आईवडील दूरच्या खासगी शाळेचा अर्ज आणतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या वर्गात स्वतःच्या मुलीला बसवून समाजसुधारणा करा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली. वस्तीतील सर्व मुलांनी, जात, धर्म वा मिळकत न पाहता, एकाच शाळेत शिकावे, अशी ती कल्पना. तीमागे केवळ समतेचा ध्यास नव्हता, व्यवहारी हिशेबही होता. वजनदार पालकांचे मूल ज्या शाळेत बसते, तिचे छप्पर फार दिवस गळत राहत नाही. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला. सधन घरांची मुले मात्र निराळ्याच शाळांत जात राहिली. २००९ च्या कायद्याने शेजारच्या शाळेचा हक्क दिला खरा, पण तो सहा ते चौदा या वयापुरता. नववीच्या उंबरठ्यावर पालक पुन्हा एकटेच.

काही पालक मात्र अर्ज भरण्यापूर्वी त्या जवळच्या शाळेत जाऊन येतात. गणिताला शिक्षक आहे का, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असते का, हे विचारतात. चार घरांनी मिळून विचारले, तर मुख्याध्यापकांनाही वर लिहिण्यास बळ येते.