घरात आलेला शिंपला



संयोजकांनी प्रत्येकाला आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर मागच्या बाकांवर डबे उघडतील, ती सवय काही गेलेली नसणार! म्हणून मी एका शिंपल्याबद्दल बोलते.

आम्ही काही वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथे घरी खाऱ्या पाण्याचा टँक होता. त्यात एक शिंपला आणला. कोकणातल्या तिसऱ्यांचा हा लांबचा नातेवाईक, नाव ट्रायडॅक्ना. याच कुळातला सर्वांत मोठा शिंपला २०० किलोच्या वर भरतो. आमचा लहान जातीचा, तळहाताएवढा, शेतीत वाढवलेला. त्याच्या दोन शिंपांमधून निळी-हिरवी मखमली झालर बाहेर येते. त्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. म्हणजे उजेड हेच याचं जेवण.

नवा शिंपला घरी आला की पहिले काही आठवडे महत्त्वाचे. पिशवीतून काढून त्याला थेट टँकमध्ये सोडायचं नाही. शेतात ठिबक लावतो तसं बारीक नळीने टँकचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडायचं, तासभर तरी. खारटपणाचा फरक त्याला एकदम सोसत नाही. शिंपेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगाई आहेत का ते पाहायचं, कारण त्या रात्री त्याचा रस शोषतात. दिसल्या तर मऊ ब्रशने काढायच्या. खाली तो धाग्यांनी दगडाला चिकटतो. ते धागे ओढून तोडायचे नाहीत, नाहीतर आतला पाय फाटतो आणि शिंपला दगावतो. प्रखर दिव्याखालीही लगेच ठेवायचं नाही. आधी खाली, मग हळूहळू वर. नवीन बदल सगळ्या ग्राहकांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतो, तसंच हे. आमच्या क्षेत्रातल्यांना लगेच पटेल.

तब्येत कशी ओळखायची? वरून हात फिरवला की सावली पडते आणि निरोगी शिंपला झटकन आक्रसतो. झालरीवर त्याला शेकडो बारीक डोळे असतात. सावली पडूनही तो हलला नाही, किंवा पाणी आत घेण्याचं तोंड सारखं आ वासलेलं राहिलं, तर काहीतरी बिघडलंय. आणि शिंपेच्या काठावर नवी पांढरी रेघ दिसली, की तो वाढतोय.

पण खरी काळजी शिंपल्याची नसतेच, पाण्याची असते. तापमान २५ अंशांच्या आसपास, कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर, आणि हे सगळं रोज सारखं. माशांच्या औषधातलं थोडंसं तांबंही त्याला मारतं. दर रविवारी मी परीक्षानळीत पाणी घेऊन रंग जुळवायचे. आपल्या प्रयोगशाळेत शिकलेलं तिथे रोजच्या उपयोगाला आलं.

भारतात परतताना तो तिथल्या एका मैत्रिणीला दिला. आपल्याकडे हे शिंपले आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. समुद्रातून काढून आणलेलं कुणी गुपचूप विकायला आलं, तर घेऊ नका, ही माझी विनंती.

आळंदीला परत आल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "आई, मग इथे शिंपला कुठे बघायचा?" उत्तर सोपं असायला हवं होतं: नदीत. आपल्या दख्खनच्या नद्यांमध्ये गोड्या पाण्यातले शिंपले असतात. ते पाणी गाळून त्यातलं शैवाल आणि बारीक कण खातात. त्यांची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणजे मासे नाहीत तर शिंपले नाहीत. पण मी तिला घाटावर नेलं तेव्हा इंद्रायणीवर पांढरा फेस होता. घरांचं आणि कारखान्यांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, त्यातला साबण. अशा पाण्यातला प्राणवायू संपतो. पाणी गाळणारा जीव तिथे आधी गुदमरतो. कार्तिकीला लाखो वारकरी याच पाण्यात स्नान करतात.

टँकमधल्या पाण्याची मी इतकी निगा राखली, कारण ते माझं होतं. नदी मात्र सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही, असं चालणार नाही.

म्हणून एक प्रस्ताव मांडते. आपल्यातले कितीतरी जण चाकण, भोसरीच्या कारखान्यांत आहेत; सांडपाणी प्रक्रियेतलं कळणारेही असतील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटावर जमू या. नववीची मुलं आणि विज्ञानाचे शिक्षक सोबत घेऊ. अमोनिया, नायट्रेट, प्राणवायू मोजू आणि आकडे शाळेच्या फलकावर लावू. मोजल्याने नदी साफ होणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्याचे आकडे आपल्या हातात आहेत, त्याबद्दल ठामपणे विचारता येतं. पहिल्या वर्षाचं साहित्य मी देते. माणसं तुम्ही द्या.

गुरुजनांनी आशीर्वाद द्यावेत, आणि ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावं.